शंका-समाधान: नोटबुकच्या कार्यशाळेसाठी लॅब कशी लावायची

ज्युपिटर नोटबुकवर (ब्राउझरमध्ये खान्याखान्याने कोड लिहून चालवायची वही) पायथन शिकवायचं आहे, त्यासाठी कॉम्प्युटर कसे तयार ठेवायचे, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं यंदा आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. मोकळी जागा, जोडरेघ आणि तिरकी रेघ जिथे छापली आहे तिथेच ठेवा. फोल्डरची नावंही इंग्रजी अक्षरांतच आणि मधे जागा न सोडता द्या.

आमच्या भौतिकशास्त्र विभागात दोन दिवसांची कार्यशाळा आहे. ४० कॉम्प्युटर, सगळ्यांवर ६४ बिटचं विंडोज १०, निम्म्यांत ४ जीबी रॅम, निम्म्यांत ८. नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब आणि पांडाज एवढंच लागेल. ॲनाकोंडा टाकावं का? लॅबचं नेट ५० एमबीपीएस आहे. (प्राध्यापिका, सांगली)

ॲनाकोंडा नको. तो पायथन आणि त्याच्या पॅकेजेसचा (तयार कोडच्या संचांचा) मोठा गठ्ठा आहे, चार पॅकेजेससाठी शेकडो पॅकेजेस येतात. इन्स्टॉलरच जवळपास १ जीबीचा, आणि उलगडल्यावर तो हार्ड डिस्कवर त्याच्या कितीतरी पट जागा खातो. शिवाय २०० हून जास्त माणसांच्या संस्थांना त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. शिक्षणासाठी सवलत आहे, पण तिच्या अटी वाचत बसण्यापेक्षा मिनीफोर्ज घ्या. कॉन्डा (पॅकेजेस आणून मांडणारं साधन) तेच, पॅकेजेस मात्र कॉन्डा-फोर्ज या समूहाने चालवलेल्या भांडारातून येतात, आणि इन्स्टॉलर १०० एमबीच्या आतला आहे.

आता नेटचा हिशोब. प्रत्येक कॉम्प्युटरवर अर्धा जीबी उतरवायचा म्हटलं तर ४० कॉम्प्युटरांचे २० जीबी होतात. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. लाइन पूर्ण वेगाने आणि फक्त तुमच्यासाठी चालली तरी जवळपास ५५ मिनिटं जातील, आणि ती तशी कधीच चालत नाही. म्हणून एकदाच उतरवा आणि पेन ड्राइव्हने वाटा.

त्याची रीत अशी. लॅबमधल्याच एका कॉम्प्युटरवर मिनीफोर्ज टाका. जागा विचारेल तेव्हा थेट सी:\मिनीफोर्ज द्या. युजरच्या फोल्डरात टाकलं आणि युजरचं नाव 'फिजिक्स लॅब' असं मधे जागा असलेलं किंवा मराठीत असलं, तर पुढे कुठेतरी एखादं पॅकेज रस्ता चुकतं. मग मिनीफोर्ज प्रॉम्प्ट उघडून हे चालवा:

कॉन्डा क्रिएट -एन लॅब१ पायथन=३.१२ नमपाय सायपाय मॅटप्लॉटलिब पांडाज ज्युपिटरलॅब

'बेस' नावाच्या मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये (एन्व्हायर्नमेंट म्हणजे पायथन आणि पॅकेजेसचं एक वेगळं घर, वरच्या आज्ञेने 'लॅब१' नावाचं बनतं) काही टाकू नका. ती बिघडली की कॉन्डाच बिघडतो. पायथन ३.१२ मुद्दाम लिहिलं आहे. नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि सगळ्या पॅकेजेसना तिच्याशी जुळवून घ्यायला काही महिने लागतात. तोवर पिप (पॅकेजेस टाकायचं पायथनचं स्वतःचं साधन) ते पॅकेज मूळ कोडवरून तुमच्याच कॉम्प्युटरवर बांधायला बसतो आणि 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० हवं' म्हणून अडतो. ती तक्रार दिसली की व्हिज्युअल सी++ शोधत फिरू नका, पायथनची आवृत्ती एक पायरी खाली आणा.

एन्व्हायर्नमेंट तयार झालं की त्याची पोटली बांधायची. बेसमध्ये 'कॉन्डा-पॅक' टाका (वर नको म्हटलं त्याला हा एकच अपवाद) आणि:

कॉन्डा पॅक -एन लॅब१ -ओ लॅब१.झिप

साधारण अर्धा-पाऊण जीबीची झिप तयार होते. ती बाकीच्या ३९ कॉम्प्युटरांवर सी:\लॅब१ मध्ये उघडा. तिथे मिनीफोर्ज नको, पायथन नको, नेटही नको. झिप उघडायला विंडोजचं स्वतःचं 'एक्स्ट्रॅक्ट' वापरू नका. आत हजारो बारक्या फायली असतात, त्या ते रांगत रांगत काढतं. सेव्हन-झिपने काम बरंच लवकर होतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगत बसला तर आणखी वेळ जातो, तेव्हा हे काम आदल्या दिवशीचं धरा. उघडून झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये सी:\लॅब१\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट.बॅट चालवा आणि मग एकदाच 'कॉन्डा-अनपॅक'. ही शेवटची आज्ञा विसरू नका. पोटलीतल्या काही फायलींत जुन्या कॉम्प्युटरवरचा पत्ता कोरलेला असतो, तो ही आज्ञा बदलते. ती न चालवता 'ज्युपिटर' म्हटलं तर तो सी:\मिनीफोर्जमध्ये पायथन शोधतो, आणि तिथे काहीच नसतं.

एक पथ्य: पोटली बांधायच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये कॉन्डाने आधीच टाकलेलं पॅकेज पिपने पुन्हा टाकू नका. कॉन्डा-पॅक फायली मोजतो, हिशोब जुळला नाही की बांधायलाच नकार देतो.

आता डेस्कटॉपवर ठेवायची बॅच फाइल. विद्यार्थ्यांना काळ्या खिडकीत काही टाइप करायला लागू नये म्हणून नोटपॅडमध्ये तीन ओळी लिहा आणि 'सुरू.बॅट' नावाने सेव्ह करा:

कॉल सी:\लॅब१\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट.बॅट
सीडी /डी डी:\सराव
ज्युपिटर लॅब

या तीन ओळींत दोन खाचा आहेत आणि बहुतेक जण दोन्हींत अडकतात. पहिल्या ओळीतला 'कॉल' गाळला तर ॲक्टिव्हेट.बॅट संपली की तुमची फाइलही तिथेच संपते, खिडकी चमकून बंद होते आणि काही झालंच नाही असं वाटतं. दुसऱ्या ओळीतला '/डी' गाळला तर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर उडी बसतच नाही. ज्युपिटर भलत्याच फोल्डरात उघडतो आणि 'सर, माझ्या फायली नाहीत' सुरू होतं. ज्युपिटर जिथून सुरू झाला त्याच्या वरच्या फोल्डरात त्याला जाता येत नाही, म्हणून ही ओळ महत्त्वाची. सेव्ह करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर ती 'सुरू.बॅट.टीएक्सटी' होते.

शेवटची तपासणी ॲडमिनच्या लॉगिनने करू नका. विद्यार्थी ज्या लॉगिनने बसणार त्याने करा, आणि नेटची केबल काढून करा. एक नोटबुक उघडा, चारही पॅकेजेस इम्पोर्ट करा, एक आलेख काढा, सेव्ह करा. डी:\सरावमध्ये लिहायची परवानगी नसेल तर ती तेव्हाच कळते. लॅबमध्ये रिस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत करणारं 'डीप फ्रीझ'सारखं सॉफ्टवेअर असेल, तर ते उघडं करूनच इन्स्टॉल करा आणि मग पुन्हा गोठवा. मुलांचं काम गोठवलेल्या ड्राइव्हवर ठेवू नका. दुपारी वीज गेली की दिवसभराचं काम जाईल. ज्युपिटर दर १२० सेकंदांनी आपोआप सेव्ह करतो, पण ज्या ड्राइव्हवर लिहिलेलं टिकत नाही तिथे त्याचा काय उपयोग?

४ जीबीच्या कॉम्प्युटरांबद्दल: चालतील. ब्राउझरचा एकच टॅब आणि एका वेळी एकच नोटबुक, एवढी शिस्त मात्र पाळावी लागेल. त्याचं कारण पुढे एका उत्तरात येतं.

कमांड प्रॉम्प्टवर 'पायथन' लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. पायथन तर टाकलेलं आहे. (वाचक, नाशिक)

विंडोजने त्या नावाची एक पाटी आधीच लावून ठेवलेली असते. स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत 'ॲप एक्झिक्यूशन एलियसेस' लिहा आणि यादीतली 'पायथन' व 'पायथन३' ही दोन्ही बटणं बंद करा. खिडकी बंद करून पुन्हा उघडा. तरीही 'आज्ञा ओळखता येत नाही' असं आलं तर इन्स्टॉल करताना पहिल्याच पानावरची 'ॲड टू पाथ' ही खूण राहिली आहे. तोवर 'पायथन'ऐवजी 'पीवाय' लिहून पाहा, बहुतेक वेळा भागतं.

पॉवरशेलमध्ये एन्व्हायर्नमेंट सुरू करताना 'या यंत्रणेवर स्क्रिप्ट्स चालवायला बंदी आहे' असा लाल मजकूर येत असेल तर धोरण बदलायच्या फंदात पडू नका. साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा.

नोटबुकमध्ये 'मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर' येते. पिप इन्स्टॉल केलं तर 'आधीच इन्स्टॉल आहे' म्हणतो. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? (एमएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

दोघंही खरं बोलतायत, पण वेगवेगळ्या घरांबद्दल. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन पायथन असणं नेहमीचं आहे. एक तुम्ही टाकलेलं, एक कॉन्डाबरोबर आलेलं, एक दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने आणलेलं. पिपने एकात टाकलं आणि नोटबुकचं कर्नल (मागे बसून खान्यांतला कोड चालवणारा पायथन) दुसऱ्यात चालू आहे.

नोटबुकच्या पहिल्या खान्यात हे लिहा: 'इम्पोर्ट सिस', आणि खालच्या ओळीत 'सिस.एक्झिक्युटेबल'. जो पत्ता येईल ते कर्नलचं घर. आता कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर पिप' लिहा. हा पत्ता वेगळा आला की भांडण मिटलं. पॅकेज त्याच घरात पडावं म्हणून ते नोटबुकमधूनच टाका: '%पिप इन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचं नाव. सुरुवातीचं टक्क्याचं चिन्ह हवंच. उद्गारचिन्हाने सुरुवात केली तर आज्ञा बाहेरच्या पिपकडे जाऊ शकते आणि गाडी पुन्हा तिथेच येते. टाकून झालं की कर्नल रिस्टार्ट करा.

दुसरा उपाय कायमचा आहे. हवं ते एन्व्हायर्नमेंट सुरू करा, त्यात 'आयपायकर्नल' टाका आणि 'पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --यूजर --नेम लॅब१' चालवा. नोटबुकच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कर्नलच्या नावावर क्लिक केलं की यादीत 'लॅब१' दिसेल.

हे सगळं बरोबर असूनही 'नमपायमध्ये ॲरे नावाचं काही नाही' अशी विचित्र तक्रार आली तर फोल्डरात बघा. कुणीतरी स्वतःच्या फाइलचं नाव 'नमपाय.पीवाय' ठेवलेलं सापडेल. पायथन आधी शेजारच्या फायली पाहतो, मग भांडारात जातो. 'रँडम.पीवाय' आणि 'टेस्ट.पीवाय' हीही मुलांची आवडती नावं. पहिलं तर हटकून घात करतं.

सहभागी स्वतःचे लॅपटॉप आणणार आहेत. कुणाचं विंडोज, कुणाचं मॅक, एकाचं उबुंटू. प्रत्येकावर इन्स्टॉल करत बसण्यापेक्षा एकच सर्व्हर लावता येईल का? (संगणकशास्त्र विभाग, जळगाव)

येईल, आणि वीसच्या वर माणसं असतील तर तोच मार्ग बरा. 'द लिटलेस्ट ज्युपिटरहब' नावाची मांडणी नेमकी यासाठी आहे. एक उबुंटू सर्व्हर, त्यावर सगळ्यांची खाती, प्रत्येकाला ब्राउझरमध्ये आपापलं नोटबुक. कुणाच्याही लॅपटॉपवर काही टाकायचं नाही.

रॅमचा हिशोब सोपा आहे: एकाच वेळी बसणारी माणसं गुणिले प्रत्येकाची कमाल रॅम, अधिक १२८ एमबी. नमपाय, पांडाज आणि मॅटप्लॉटलिबच्या सरावाला माणशी ५०० एमबी पुरतात. ४० जणांचे २० जीबी. म्हणजे ३२ जीबीचा एक चांगला डेस्कटॉप पुरतो, भाड्याचा क्लाउड लागत नाही. मर्यादा मात्र घालून ठेवा ('सुडो टीएलजेएच-कॉन्फिग सेट लिमिट्स.मेमरी ५००एम', शेवटचा एम मोठ्या लिपीतला), नाहीतर एकाने चुकून अनंत यादी वाढवत नेली की चाळीसही जणांचं काम ठप्प होईल. नमपायचं गणित एकटंच सगळे कोअर धरू पाहतं, म्हणून 'ओएमपी_नम_थ्रेड्स' हे व्हेरिएबल १ किंवा २ वर ठेवा. ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचं.

या मांडणीतली सर्वांत त्रासदायक गोष्ट चहाच्या सुट्टीत घडते. मूळ सेटिंगनुसार १० मिनिटं कुणी जोडलेलं नसलं तर हब त्याचा सर्व्हर बंद करतो. लोक लॅपटॉपचं झाकण मिटून चहाला जातात, जोडणी तुटते, परत येतात तर फाइल आहे पण सगळी व्हेरिएबल्स गेलेली. आधीच 'सुडो टीएलजेएच-कॉन्फिग सेट सर्व्हिसेस.कल.टाइमआउट ७२००' करा, म्हणजे दोन तास मिळतील. प्रत्येक बदलानंतर 'सुडो टीएलजेएच-कॉन्फिग रीलोड' केल्याशिवाय काही लागू होत नाही. पॅकेजेस टाकताना ॲडमिनच्या टर्मिनलमधून 'सुडो -ई पिप इन्स्टॉल' वापरा. '-ई'मधला ई मोठ्या लिपीतला. तो गाळला तर पॅकेज सगळ्यांच्या सामाईक जागेऐवजी उबुंटूच्या स्वतःच्या पायथनकडे वळतं.

सर्व्हर चांगला लावला आणि वायफाय घरगुती राउटरवर सोडलं, तर सगळी मेहनत वाया. चाळीस लॅपटॉप आणि चाळीस मोबाइल त्याला झेपत नाहीत. दोन वेगळे ॲक्सेस पॉइंट लावा आणि सर्व्हर केबलने जोडा.

गुगल कोलॅबचं (गुगलच्या सर्व्हरवर चालणारं नोटबुक) विचाराल तर दोन तासांच्या ओळखीला छान, दोन दिवसांच्या कार्यशाळेला नाही. नेट गेलं की वर्गच थांबतो. शिवाय सत्र संपलं की तिथे चढवलेल्या डेटाच्या फायली पुसल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस जण तीच फाइल पुन्हा चढवत बसतात.

उबुंटूवर पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार देतो. (वाचक, पणजी)

तो बरोबर वागतोय. त्या पायथनवर उबुंटूची स्वतःची कामं चालतात, म्हणून उबुंटू २३.०४ पासून ते कुलूपबंद आहे. 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय काही जण सुचवतात. त्याच्या नावातच इशारा आहे. त्याऐवजी वेगळं एन्व्हायर्नमेंट करा: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व', मग 'पायथन३ -एम व्हेन्व लॅब१', मग 'सोर्स लॅब१/बिन/ॲक्टिव्हेट'. आता पिप निमूट चालेल.

काही कॉम्प्युटरांवर मध्येच 'कर्नल मेलं' असा संदेश येतो. विशेषतः मॅट्रिक्सच्या सरावात. कॉम्प्युटर खराब आहेत का? (प्राध्यापक, अमरावती)

सराव तपासा. नमपायमधली नेहमीची दशांश संख्या ८ बाइट घेते. १०,००० गुणिले १०,००० ची मॅट्रिक्स म्हणजे १० कोटी संख्या, ८० कोटी बाइट, ८०० एमबी. 'ए + बी * सी' लिहिलं की तिघी मिळून २.४ जीबी, 'बी * सी'चं मधलं उत्तर आणखी ८०० एमबी, आणि शेवटचं उत्तरही कुठेतरी ठेवायचंच. विंडोज आणि ब्राउझर मिळून अडीच-तीन जीबी आधीच बसलेले असतात. ४ जीबीचा कॉम्प्युटर काय करणार? १,००० गुणिले १,००० ची मॅट्रिक्स ८ एमबीत होते आणि शिकायचं तेच शिकवते.

दुसरं कारण जास्त छुपं आहे. नोटबुकचा टॅब बंद केला म्हणून कर्नल बंद होत नाही. सकाळपासून उघडलेल्या सहा नोटबुकांची सहा कर्नलं आपापला डेटा धरून मागे बसलेली असतात. ज्युपिटर लॅबच्या डाव्या पट्टीत चालू कर्नलांचं चिन्ह आहे (गोलात चौकोन), तिथून 'शट डाउन ऑल' करा. प्रत्येक सत्र संपलं की हे मुलांकडून करून घ्या.

आलेखावर मराठी नावं दिली तर चौकोन येतात. फॉन्ट बदलला तर अक्षरं येतात पण मोडकी. (शिक्षक, रत्नागिरी)

चौकोनांचं कारण फॉन्ट. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. खाली इशाऱ्यात 'ग्लिफ २३५०' दिसलं असेल, तर ते 'म' अक्षर न सापडल्याचं गाऱ्हाणं आहे. 'नोटो सान्स देवनागरी' टाकून तो फॉन्ट निवडला की चौकोन जातात.

मोडकेपणाचं कारण वेगळं. ३.१० पर्यंतचा मॅटप्लॉटलिब अक्षरं एकामागोमाग एक मांडतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणायची, जोडाक्षर जोडायचं, हे त्याला येत नाही. म्हणून 'तापमान', 'काळ', 'भार' नीट दिसतात आणि 'स्थिती'ची दुर्दशा होते. आलेख मराठीतच हवे असतील तर प्लॉटली हे आलेखांचं दुसरं पॅकेज वापरा. तो मजकूर ब्राउझरकडे सोपवतो आणि ब्राउझरला देवनागरी उत्तम येते. एकाच छापील आलेखाचं काम असेल तर मॅटप्लॉटलिबमध्ये साधे शब्द निवडून वेळ निभावता येते.

याच पत्रात एक्सेलमधली मराठी नावं पांडाजमध्ये प्रश्नचिन्हं होतात असंही लिहिलं आहे. ती पांडाजमध्ये होत नाहीत, एक्सेलने साधी सीएसव्ही सेव्ह करतानाच होतात, आणि त्या फाइलमधून नावं परत मिळत नाहीत. मूळ एक्सेल फाइल उघडून 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात सेव्ह करा. वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या.

४० पैकी तीनच कॉम्प्युटरांवर पिपला 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' येतं. बाकी सगळं तंतोतंत सारखं आहे. (लॅब असिस्टंट, लातूर)

उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. काही वर्षं मागे गेलेली असेल. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ विसरतं, आणि त्या जुन्या तारखेला आजचं प्रमाणपत्र 'अजून लागू न झालेलं' ठरतं. तारीख दुरुस्त करा, पिप लगेच चालेल. सेल बदला, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा तेच.

एकच नोटबुक, तेच आकडे. प्रोजेक्टरवर उत्तर वेगळं आणि मुलांचं वेगळं येतं. (प्राध्यापिका, ठाणे)

खान्यांच्या डावीकडचे कंसातले आकडे वाचा. ते वरून खाली १, २, ३ असे नसतील, तर खाने उलटसुलट क्रमाने चालवले गेले आहेत. तुम्ही समजावताना वरचा खाना बदलून पुन्हा चालवलात, खालचा तसाच राहिला. किंवा पुसून टाकलेल्या खान्यातलं व्हेरिएबल कर्नलच्या डोक्यात अजून आहे. नोटबुक वाटण्याआधी 'रिस्टार्ट कर्नल अँड रन ऑल सेल्स' करून ते शेवटपर्यंत न अडखळता जातंय ना ते पाहा, मग उत्तरं पुसून सेव्ह करा. कंसात तारा दिसत असेल तर तो खाना अजून चालू आहे. त्यात 'इनपुट' असेल तर तो खाली आलेल्या चौकटीत कुणीतरी काही लिहायची वाट बघत बसलेला असतो, आणि पुढचे सगळे खाने त्याच्यामागे रांगेत उभे.